न ऐकलेल्या ‘कबूल’चा मी गवाह

सात वर्षांपूर्वी मी एका निकाहाचा गवाह झालो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या फुप्पीच्या मुलीचा निकाह होता. मंडपात काझीसाहेब रजिस्टर उघडून बसले होते, बाहेर बिर्याणीच्या डेगा उतरत होत्या. मुलीची इजाजत घ्यायला वकील म्हणून मामू आणि गवाह म्हणून मी व माझा एक चुलतभाऊ, असे आम्ही तिघे आतल्या खोलीत गेलो.

खोलीत पंधरा-वीस बायका होत्या. मधे लाल ओढणीखाली ती बसली होती. मामूंनी नवरदेवाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि मेहरची रक्कम सांगून विचारलं, कबूल आहे का? ओढणीखाली काही हललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. एक खाला म्हणाली, “शरमाती है.” तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागून कुणीतरी तिचं डोकं हलकंच पुढं दाबलं आणि दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, “हाँ बोली, हाँ बोली!” लगेच मुबारकबाद सुरू झाली. आम्ही मंडपात आलो आणि मी रजिस्टरवर सही केली.

मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तरी तो ऐकला असं लिहून दिलं.

तीन वर्षांनी ती माहेरी परतली. खुला हवा म्हणाली. घरातल्या मोठ्यांची बैठक बसली. मारतो का? नाही. पितो का? नाही. खर्चाला देत नाही का? देतो. मग अडचण काय आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली की हा निकाह तिला नकोच होता, अम्मीला तिनं तसं आधी सांगितलंही होतं. मामू म्हणाले, “पण भर मजलिसीत तू कबूल म्हटलंस.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “भाईजान, तू गवाह होतास ना? मी काय म्हटलं होतं?”

मी मान खाली घातली. तिची परवानगी घेऊन आणि तिची ओळख पटेल असं काही न लिहिता मी हे आज मांडतोय, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. प्रेम, शरीर आणि लग्न यांतलं बरोबर-चूक आपण नेमकं कशावरून ठरवतो, असा तो प्रश्न आहे.

आपल्या मोहल्ल्यात याचं उत्तर सोपं आहे. निकाह झाला असेल तर बरोबर, नसेल तर चूक. धर्म मानणाऱ्या माणसासाठी ही रेघ महत्त्वाची आहे आणि ती पुसा असं मी म्हणत नाही. पण तेवढ्या एका रेघेवर सगळा हिशेब संपतो का? मदरशात आपल्याला दोन प्रकारचे हक्क शिकवतात. हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक्क, आणि हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे एकमेकांवरचे हक्क. पहिल्यात चूक झाली तर तौबा करावी, तो रहीम आहे. दुसऱ्यात चूक झाली तर ज्याच्यावर जुलूम झाला त्यानं माफ केल्याशिवाय सुटका नाही. असं असताना स्त्री-पुरुष संबंधांच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या हक्कांचे चौकीदार होतो आणि दुसऱ्या हक्कांकडं पाठ फिरवतो. कोण कुणाबरोबर फिरतं, हे आपल्याला चोख माहीत असतं. निकाह झालेल्या खोलीत कुणावर काय गुदरतंय, हे मात्र ‘घरचा मामला’ असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. निकाह आहे की नाही, या प्रश्नाच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवा. इथं कुणावर जुलूम होतोय का? आणि त्याची परीक्षा ही की, ज्यानं ‘हो’ म्हटलं त्याला ‘नाही’ म्हणता येत होतं का?

मुगीसचे अश्रू

याची सुरुवात मी मदीन्यापासून करतो. बरीरा नावाची एक गुलाम स्त्री होती. हजरत आयशांनी तिला विकत घेऊन आजाद केलं. तिचा नवरा मुगीस हाही गुलाम होता. आजाद झाल्यावर त्याच्याबरोबर राहायचं की वेगळं व्हायचं, हे ठरवायचा हक्क बरीराला मिळाला आणि तिनं वेगळं व्हायचं ठरवलं. मुगीसचं तिच्यावर जिवापाड प्रेम होतं. मदीन्याच्या गल्ल्यांमधून तो तिच्या मागं मागं रडत फिरायचा, अश्रूंनी दाढी भिजायची. हजरत इब्न अब्बास यांनी सांगितलेली ही हकीकत सहीह बुखारीत आहे.

पैगंबरांना (स.) मुगीसची दया आली. त्यांनी बरीराला सुचवलं की तू त्याच्याकडं परत गेलीस तर बरं होईल. बरीरानं उलट विचारलं, हा आपला हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त रदबदली करतोय. तेव्हा ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. तिथं विषय संपला. कुणी तिला नाशुक्री म्हटलं नाही, कुणी तिला मुगीसचे अश्रू मोजून दाखवले नाहीत.

मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की मुगीसचं प्रेम खोटं नव्हतं. त्याची कुणी थट्टा केली नाही, उलट त्याच्यासाठी खुद्द पैगंबरांनी शब्द टाकला. दुसरी अशी की त्या खऱ्या प्रेमानंही बरीरावर त्याचा कसलाही हक्क तयार झाला नाही. प्रेम कितीही खरं असलं तरी ते समोरच्यावर चढलेलं कर्ज होत नाही.

अकराव्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न हज्मनं प्रेमावर ‘तौक अल-हमामा’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. तो नावाजलेला फकीह होता. प्रेमात पडणं धर्मानं मना केलेलं नाही, कारण दिलं अल्लाहच्या हातात असतात, असं त्याचं मत होतं. मला हे पटतं. मन कुणावर बसेल हे आपण ठरवत नाही, त्यामुळं त्याचा गुन्हाही होत नाही. पण मन बसल्यावर आपण काय करतो, ते सगळं आपल्याच हातात असतं.

महाराष्ट्रानं याची उलटी बाजू फार पाहिली आहे. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा द्यायला बसलेल्या मुलीला परीक्षा केंद्रात घुसून जाळलं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर चौकात पेट्रोल टाकून पेटवलं. दर वेळी बातमीत एकच शब्द येतो, ‘एकतर्फी प्रेमातून’. या शब्दानं मारणाऱ्याला निम्मी माफी मिळते. मुगीसचं प्रेमही एकतर्फीच होतं. तो रडला, त्यानं कुणाला इजा केली नाही. त्यामुळं प्रेम एकतर्फी असणं हे हल्ल्याचं कारण असूच शकत नाही. तिचं ‘नाही’ हे उत्तर आहे, हेच त्या मारणाऱ्यांना मान्य नव्हतं.

आपण म्हणू, आम्ही काही पेट्रोल घेऊन फिरत नाही. पण नकार मिळाल्यावर नव्या नंबरवरून मेसेज करणं, मनगट कापल्याचा फोटो पाठवणं, तिच्या मैत्रिणींना मध्ये घालणं, ‘तुझे चॅट तुझ्या अब्बूंना दाखवू का’ विचारणं, हे आपल्या ओळखीच्या पोरांनी केलेलं आहे. विशीत असताना यातलं पहिलं मीही केलेलं आहे. तेव्हा मला ते इश्क वाटायचं.

नायगावचा जमाव

आता मदीन्याहून माझ्या जिल्ह्यात येतो. सावित्रीबाई फुल्यांचं माहेर नायगाव, आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात. २९ ऑगस्ट १८६८ रोजी तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात गणेश नावाच्या ब्राह्मण तरुणाची आणि सारजा नावाच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या मुलीची हकीकत आहे. गणेश पंचांग घेऊन गावोगाव फिरायचा. दोघांचं प्रेम जमलं, सारजाला दिवस गेले. हे कळल्यावर गावकरी दोघांना मारत, मिरवत ठार करायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून त्यांनी जमावाला थांबवलं. गाव सोडून जायच्या अटीवर दोघांचे जीव वाचले.

बरीराच्या हकीकतीत एका माणसाचं ‘नाही’ होतं. इथं दोन माणसांचं ‘हो’ आहे. दोन्हीकडं प्रश्न एकच, की हे उत्तर कुणाच्या मालकीचं आहे? नायगावच्या जमावाला वाटत होतं, ते गावाच्या मालकीचं आहे. सारजा आणि गणेश लग्नाच्या बंधनात नव्हते. त्यांनी केलं ते बरोबर की चूक यावर सावित्रीबाईंचं मत काहीही असेल, पण दोघांना मारायला निघालेला जमाव त्याहून कितीतरी मोठा गुन्हा करतोय, हे त्यांना दिसलं. कोणती चूक मोठी आणि कोणती लहान, याची ही समज आपल्याला हवी आहे.

दीडशे वर्षांनंतरही जमाव आहेच. नोव्हेंबर २०२२ पासून राज्यभर निघालेल्या मोर्चांमध्ये ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याची मागणी होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करायला समिती नेमली. टीका झाल्यावर त्यातून आंतरजातीय विवाह वगळले, आंतरधर्मीय ठेवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कायद्याचा अभ्यास करायला पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीत घुसला आणि आपला एक तरुण मारला गेला. त्यानंतर आमच्या भागातली प्रत्येक अम्मी मुलाच्या हातातल्या फोनकडं भीतीनं बघते. या वातावरणात मुस्लिम मुलाचं हिंदू मुलीवर प्रेम बसलं, तर ते दोघांचं खासगी राहतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका याच्या उलट आहे. मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप किंवा कुठल्याही जमावाला आडवं येता येणार नाही. अशा जोडप्यांना संरक्षण देण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष करण्याचा आणि सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार करण्याचा आदेशही दिला. त्याच वर्षी केरळच्या हादियाच्या प्रकरणात, सज्ञान मुलीनं कुणाशी लग्न करावं हे तिचे वडील किंवा न्यायालय ठरवणार नाही, हे स्पष्ट केलं. हादियाच्या वेळी आपण सगळे तिच्या बाजूनं बोललो.

पण तराजूचं दुसरं पारडंही बघू. मुस्लिम मुलगी हिंदू मित्राच्या गाडीवर दिसली म्हणून तिला अडवणारी, तिचा बुरखा धरून व्हिडिओ काढणारी टोळकी आपल्यातही तयार झाली आहेत. ते व्हिडिओ आपल्याच ग्रुपांवर ‘कौम की बेटी’ म्हणून फिरतात. हादियाला स्वतःचं मन आहे आणि या मुलीला नाही, असं म्हणता येणार नाही. एका जमावाविरुद्ध आपण न्यायालयात जातो आणि दुसऱ्या जमावाला गैरत म्हणतो. दोन्ही जमाव एकच गोष्ट मानतात, की मुलीचं ‘हो’ हे तिचं नाही, समाजाचं आहे.

आपल्या पोरांना आणखी एक सांगायला हवं. आंतरधर्मीय प्रेम करायचं तर नाव लपवू नका, घरी आधी लग्न झालेलं असेल तर ते लपवू नका, निकाहासाठी धर्म बदलावा लागेल असं तुमच्या मनात असेल तर ते शेवटच्या दिवशी सांगू नका. तिनं ज्या माणसाला ‘हो’ म्हटलं तो माणूसच खरा नसेल, तर तिचं ‘हो’ही उरत नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. नोंदणी कार्यालयात तीस दिवस नोटीस लागते, आणि याच तीस दिवसांत जमाव घरी पोचतो, हा त्यातला खरा धोका आहे. तरीही खोट्या नावानं केलेल्या लग्नापेक्षा तो धोका वकिलाच्या सल्ल्यानं पत्करणं हा प्रामाणिक मार्ग आहे.

गोकुळनगरचं ‘नाही’

नोकरीसाठी मी सांगलीत राहतो. सांगलीतलं गोकुळनगर म्हटलं की लोक आवाज खाली आणतात, कारण ती वेश्यावस्ती आहे. मीही अनेक वर्षं तिकडं न बघता पुढं जायचो. ‘नाही’ म्हणायचा हक्क म्हणजे काय, हे मला ज्यांच्याकडून सर्वांत नीट कळलं, त्या बायका याच वस्तीतल्या आहेत.

एचआयव्हीची साथ वाढत होती तेव्हा, १९९२ मध्ये, सांगलीत ‘संग्राम’, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था, सुरू झाली. १९९६ मध्ये तिच्यातून वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांचीच संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. सुरुवात निरोध वाटण्यापासून झाली. बाहेरचे कार्यकर्ते वाटत होते ते काम या बायकांनी स्वतःकडं घेतलं. पण निरोध हातात असणं आणि गिऱ्हाइकाला तो वापरायला लावणं यात फरक आहे. एकटी बाई आग्रह धरते तेव्हा गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. ज्या दिवशी अख्खी गल्ली एकच उत्तर देते, त्या दिवशी त्याला जायला दुसरं दार उरत नाही.

मी हे पुन्हा पुन्हा विचारात घेतो. आपण समजतो की नकार ही एकट्या माणसाच्या हिमतीची बाब आहे. ‘तिनं तेव्हाच नाही म्हणायचं होतं,’ असं आपण सहज बोलतो. गोकुळनगरच्या बायकांनी दाखवलं की एकटीच्या ‘नाही’ला किंमत नसते, तिच्या मागं चार जणी उभ्या राहिल्या की किंमत येते. माझ्या फुप्पीच्या मुलीनं अम्मीला ‘नाही’ म्हटलं होतं. तिच्या मागं कुणी नव्हतं. खोलीत वीस बायका होत्या आणि सगळ्या ‘हो’च्या बाजूनं होत्या.

या बायकांचं दुसरं म्हणणं ऐकायला अवघड जातं. २००५ मध्ये गोकुळनगरात ‘सुटका’ करण्यासाठी छापे पडले. बळजबरीनं आणलेल्या आणि अल्पवयीन मुलींना सोडवायलाच हवं, यावर परिषदेचं दुमत नाही. पण सज्ञान बाईला तिची मर्जी न विचारता उचलून सुधारगृहात टाकणं ही सुटका नाही, असं त्या सांगत आल्या. अमेरिकी सरकारच्या एड्स निधीबरोबर वेश्याव्यवसायाला विरोध करणाऱ्या प्रतिज्ञेवर सही करायची अट आली, तेव्हा ‘संग्राम’नं सही नाकारली आणि पैसा सोडला. पुढं १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात आदेश दिला की या बायकांनाही घटनेच्या कलम २१ प्रमाणे सन्मानानं जगण्याचा हक्क आहे. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं हे काम करत असेल तर पोलिसांनी तिला त्रास देऊ नये, आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेला मिळते ती सगळी मदत तिला मिळावी, असंही सांगितलं.

इथं काही वाचक म्हणतील, हे काम तर हराम आहे, त्यातून आम्ही काय शिकायचं? हे काम हलाल आहे असं मी म्हणत नाही. तो मला फतवा देण्याचा विषय नाही. पण हराम काम करणाऱ्या बाईवर जुलूम करणं हलाल होतं का? तिच्यावर बलात्कार झाला तर ‘तिचं काय जातं’ असं म्हणता येतं का? न्यायालय म्हणतं, नाही. हुकूकुल इबाद मानणाऱ्या माणसाचं उत्तरही हेच असायला हवं. पैसे घेऊनसुद्धा एखाद्या बाईला एका ठिकाणी थांबून ‘नाही’ म्हणता येतं, हे मान्य केलं की पुढचा प्रश्न आपल्याच घरात येतो.

निकाहानंतर

तो प्रश्न असा आहे. गोकुळनगरमधल्या बाईला ‘नाही’ म्हणायचा हक्क असेल, तर बायकोला आहे का?

कायद्याचं उत्तर लाजिरवाणं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये जुना अपवाद तसाच ठेवला आहे. पत्नी अठरा वर्षांपेक्षा लहान नसेल, तर पतीनं केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी यावर परस्परविरोधी निकाल दिले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र लैंगिक छळ हा हिंसाचार धरला आहे आणि तो कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. हे आपल्या बहिणींना माहीत असायला हवं.

बायको म्हणजे ताबा, ही कल्पना फक्त आपली नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानंही लग्नाची व्याख्या एकमेकांच्या शरीरावरचा आयुष्यभराचा परस्पर ताबा अशीच केली आहे. त्यानं निदान ताबा दोन्ही बाजूंनी सारखा ठेवला. आपल्याकडं तो एकाच बाजूला सरकतो. पतीनं बोलावलं तर बायकोनं नकार देऊ नये, एवढंच खुत्ब्यात ऐकू येतं. इमाम गजालींनी ‘इह्या उलूम अल-दीन’मध्ये पतीला सांगितलं आहे की घाई करू नये, आधी प्रेमानं बोलावं, पत्नीचं समाधान होण्याआधी दूर होऊ नये. ते कुणी सांगत नाही. गर्भ राहू नये म्हणून अज्ल करायचा तर आजाद पत्नीची परवानगी हवी, असं बहुतेक फकीहांनी मानलं, तेही सांगितलं जात नाही. हे लोक आजच्या अर्थानं समतावादी नव्हते. पण बिछान्यात पत्नीचाही हक्क आहे, तिथंही तिला विचारायचं असतं, एवढं त्यांना कळत होतं. ते धरून आपण पुढं जाऊ शकतो.

आणि निघून जायचा हक्क? हजरत साबित बिन कैस यांच्या पत्नीची हकीकत हा खुलाचा पाया मानतात. पतीच्या वागणुकीत किंवा दीनमध्ये आपल्याला खोट दिसत नाही, पण त्याच्याबरोबर राहवत नाही, असं त्यांनी पैगंबरांना सांगितलं. मेहरची बाग परत करायची तयारी दाखवली आणि त्यांना वेगळं होता आलं. मारतो का, पितो का, असली यादी तिथं कुणी वाचली नाही. आमच्या घरच्या बैठकीत मात्र हीच यादी वाचली गेली आणि तिच्याकडं एकही ‘पुरावा’ नव्हता. खुला मिळायला तिला पुढं चौदा महिने लागले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिला मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या, त्यांची तक्रार एकतर्फी तलाकची होती. त्याच क्षणी तोंडी दिलेला तिहेरी तलाक २२ ऑगस्ट २०१७ ला रद्द झाला. पण बाईला निघून जायचं असतं तेव्हाचं दार अजून तितकंच जड आहे, आणि ते बहुतेक वेळा आपणच धरून ठेवलेलं असतं.

गवाहाचं काम

मग करायचं काय? भाषणापेक्षा मी तीन साध्या गोष्टी सांगतो.

मुलीची इजाजत निकाहाच्या खोलीत घेऊ नका, त्याच्या बरंच आधी घ्या. कार्ड छापायच्या आधी, हॉलचा बयाणा द्यायच्या आधी. तिच्या विश्वासातल्या एका माणसानं तिला एकटीला विचारावं आणि ‘नाही’ म्हणालीस तर घरी मी बोलेन, हे आधी सांगावं. कुमारिकेचं मौन ही तिची संमती, असं हदीसमध्ये आहे हे मलाही माहीत आहे. पण तिथं आधी तिला विचारायची सक्ती आहे. मग कुणीतरी म्हटलं की ती लाजेल, तेव्हा तिच्या लाजेला सांभाळून घेतलेली ती सवलत आहे. तिचं तोंड बंद करायचा तो परवाना नाही. खनसा बिंत खिदाम यांचा निकाह वडिलांनी मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा पैगंबरांनी तो रद्द केला, हेही बुखारीतच आहे.

दुसरी गोष्ट, निकाहनामा वाचा आणि त्यात शर्ती लिहा. पतीनं तलाकचा अधिकार ठरावीक परिस्थितीत पत्नीकडं सोपवणं, म्हणजे तलाक-ए-तफवीज, हनफी फिकहमध्ये मान्य आहे आणि आपल्या न्यायालयांनीही मानलेलं आहे. तिचं शिक्षण, नोकरी, दुसरा निकाह न करणं, हे सगळं कागदावर येऊ शकतं. मुलानं स्वतःहून हे लिहून द्यावं. निघून जाता येत असूनही ती राहिली, तर तिचं राहणं खरं.

तिसरी गोष्ट आपल्या तरुणांसाठी. नकार आला की मुगीससारखं रडा, दोस्तांच्या खांद्यावर डोकं ठेवा. तिचा नंबर मात्र काढून टाका.

गेल्या वर्षी मला पुन्हा एका निकाहात गवाह व्हायला बोलावलं. मी हो म्हणालो, पण आठवडाभर आधी मुलीशी बोलू द्या असं सांगितलं. घरचे थोडे चिडले, मग तयार झाले. अंगणात ती, मी आणि माझी बायको, तिघंच होतो. मी विचारलं. ती हसून म्हणाली, “मला तो पसंत आहे, भाई. पण अजून कुणी विचारलं नव्हतं.” निकाहाच्या दिवशी खोलीत तीच गर्दी होती. मामूंच्या जागी दुसरे वकील होते. त्यांनी विचारल्यावर ती स्वतः बोलली, दारातही ऐकू येईल असं.

माझ्या फुप्पीच्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, चांगलं केलंस. मग थोड्या वेळानं म्हणाली, माझ्या वेळी का नाही केलंस?

त्या बैठकीत मी जे बोललो नाही, ते इथं लिहून देतो. ती कबूल म्हणाली नव्हती. मी काहीच ऐकलं नव्हतं.